शिडी कुणासाठी, कुलूप कुणासाठी

पत्र

काकू, नमस्कार. दीड वर्षापूर्वी आम्ही मध्य न्यू जर्सीत घर घेतलं. मागचं अंगण मोठं आहे, जरा उताराचं. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन. गेल्या उन्हाळ्यात हवा भरायचा छोटा स्विमिंग पूल आणला होता. तीन आठवड्यांत पाणी हिरवं झालं, डास झाले आणि शेजाऱ्यांनी टाउनशिपकडे तक्रार केली. यंदा जमिनीवर उभा करायचा, २४ फुटी गोल, ५२ इंच उंचीचा पूल घ्यायचं चाललंय. नवरा म्हणतो, चार मित्र बोलावले की एका शनिवारी काम होईल. मेमध्ये सासू-सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येतायत. सासूबाईंना गुडघ्यांसाठी पाण्यात चालायचा व्यायाम सांगितलाय. दोघांनाही पोहता येत नाही. सासूबाई फोनवर विचारत होत्या, साडी नेसून उतरलं तर चालेल का? सुरुवात कुठून करू? रोजची देखभाल झेपेल का?

— अंगण मोठं, अनुभव छोटा

उत्तर

साडीचं शेवटी सांगते. पण तुझ्या पत्रातला खरा पेच सासूबाईंच्या गुडघ्यांपाशीच आहे. त्यांना रुंद पायऱ्यांची, दोन्ही बाजूंना कठडा असलेली, सोपी शिडी हवी. आणि जी शिडी त्यांना सोपी, ती तुझ्या तीन वर्षांच्या मुलाला त्याहून सोपी. पंप केवढा, फिल्टर वाळूचा की कार्ट्रिजचा, लायनरवर, म्हणजे आतल्या प्लास्टिकच्या अस्तरावर, निळ्या फरश्यांची नक्षी की गोट्यांची, या सगळ्यावर तुझा नवरा रात्री बारापर्यंत व्हिडिओ बघत असणार. बघू दे. तू शिडीचं ठरव. त्याआधी मात्र जमिनीचं बोलू, कारण त्या शनिवारच्या बेताला मी सुरुंग लावणार आहे.

आमच्याकडे १४ वर्षं पूल आहे. पहिला आम्हीही असाच मित्र बोलावून, बिर्याणी घालून उभा केला होता. अंगणाला उतार होता. खालच्या बाजूला माती आणून टाकली, पायांनी तुडवली, वर वाळू पसरली, झालं सपाट. जूनमध्ये पाणी भरलं. जुलैच्या मध्याला बघते तर एका बाजूला पाणी काठाला लागलेलं आणि समोरच्या बाजूला लायनरची चार बोटं कोरडी. दोष पुलाचा नव्हता, खालची माती बसली होती. सगळं पाणी सोडून, भिंत उकलून, पुन्हा शून्यापासून सुरुवात केली.

माझे वडील सांगलीला बांधकामाचे ठेकेदार होते. त्या वर्षी ते इथे होते. त्यांनी काय केलं, तर दुकानातून पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात दिलं आणि अंगणभर मला फिरवलं. आपल्याकडे गवंडी लेव्हल काढतात तशी. नवऱ्याने घेतलेलं लेझरचं यंत्र खोक्यातच राहिलं. नळीतल्या पाण्याने सांगितलं की या टोकापासून त्या टोकापर्यंत जमीन आठ इंच उतरते. डोळ्यांना तीनच वाटत होती. तूही आधी नळी घे. पाच डॉलरचं काम आहे, आणि पुढचे सगळे निर्णय त्या एका आकड्यावर आहेत.

आता वजनाचा हिशोब बघ. २४ फूट व्यास आणि चार फूट पाणी म्हणजे साधारण १३,५०० गॅलन, सुमारे ५१,००० लिटर. सासऱ्यांना सांगायचं तर दहा हजार लिटरचे पाच टँकर. वजन ५१ टन. तळाच्या दर चौरस फुटावर अडीचशे पौंड. नवी टाकलेली, पायाने तुडवलेली माती या वजनाखाली बसतेच. म्हणून नियम एकच, आणि तो मोडायचा नाही: उंच बाजू खोदून खाली आणायची, सखल बाजूला भर घालायची नाही.

पुलापेक्षा थोडं मोठं, २६ फुटांचं वर्तुळ धरलं आणि उतार आठ इंच निघाला, तर सहा-साडेसहा घनयार्ड माती काढावी लागते. आठ-नऊ टन. मध्य जर्सीची चिकण माती असेल तर फावड्याने हे काम करणारा मित्र पुढच्या वर्षी फोन उचलत नाही. बॉबकॅट, म्हणजे खोदाईचं छोटं यंत्र, भाड्याने घ्या, नाहीतर खोदाईपुरता माणूस बोलवा. मातीवरचं गवत मुळासकट काढायचं. लव्हाळ्याच्या जातीचं तण असेल तर जास्तच नीट, कारण महापुरात वाचणारं ते लव्हाळं विनाइलच्या लायनरला खालून टोचून वर येतं. मी स्वतः पाहिलंय, सुईसारखं हिरवं टोक पाण्यात डोकावत होतं.

खोदायच्या आधी ८११ वर फोन. फुकट असतो. न्यू जर्सीत निदान तीन कामाचे दिवस आधी कळवावं लागतं. मग गॅस, वीज, पाणी, केबलवाले येऊन आपापल्या रंगाच्या खुणा करून जातात. सेप्टिक टाकी असेल तर ती आणि तिचं झिरपण्याचं क्षेत्र टाळायचं. वरून विजेची तार जात असेल तर ती जागा बाद. मेपल-ओकखाली पूल घेतलास तर ऑक्टोबरपर्यंत पानंच काढत बसशील. ऊन मिळेल अशी जागा बघ, इथलं पाणी तापायला उन्हाशिवाय दुसरा फुकटचा उपाय नाही.

खोदण्यात एक गोम आहे, जी दुकानदार सांगत नाही. उंच बाजू खोदली की तिथे पुलाच्या अगदी शेजारी मातीचा कट्टा उरतो. आठ इंचांचा कट्टा असेल तर त्या बाजूने ५२ इंचांची भिंत ४४ इंचांचीच राहिली. पुलाची भिंत हेच कुंपण धरायचं असेल तर तिची उंची बाहेरच्या जमिनीपासून ४८ इंच लागते, आणि ती सबंध घेरात लागते. कट्टा पुलाला लागून ठेवायचा नाही, चांगला तीन-चार फूट मागे कापून न्यायचा. एसीचं बाहेरचं युनिट, कुंडी, प्लास्टिकची खुर्ची, ग्रिल, सायकल, यांतलं काहीही भिंतीशेजारी असेल तर ती पायरीच आहे.

परवानगीबद्दल लांबण लावत नाही. टाउनशिपच्या बांधकाम खात्यात जा, सीमेपासून किती अंतर सोडायचं ते विचारा, घराचा सर्व्हे, म्हणजे जागेचा मोजणी नकाशा, घेऊन जा. काही टाउनशिपना भिंत असली तरी अंगणाला वेगळं कुंपण हवंच असतं. एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, असेल तर आधी त्यांची नियमावली वाचा, बऱ्याच ठिकाणी जमिनीवरचा पूल चालतच नाही. घराच्या विमा कंपनीलाही कळवा. इथल्या कायद्याच्या दृष्टीने पूल ही लहान मुलांना खुणावणारी धोक्याची वस्तू आहे. शेजारचं पोर न विचारता आत शिरलं तरी जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. एकदा तक्रार करून झालेल्या शेजाऱ्यांना, मी तुझ्या जागी असते तर, अर्ज करण्याआधी चहाला बोलावलं असतं.

विजेच्या कामात मित्र नकोत. परवानाधारक इलेक्ट्रिशियन हवा. पंपाला जीएफसीआयचं, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचचं, संरक्षण असलेला स्वतःचा पॉइंट पाहिजे, एक्स्टेन्शन कॉर्ड चालत नाही. शिवाय बॉन्डिंग लागतं. आपल्या डोक्यात अर्थिंग असतं, हे त्याहून वेगळं. पोलादी भिंत, पंपाची मोटर, धातूची शिडी, पाणी आणि भोवतीची जमीन या सगळ्यांना उघड्या जाड तांब्याच्या तारेने एकमेकांशी जोडतात, म्हणजे ओला माणूस एका हाताने शिडी आणि पायाने जमीन यांना टेकला तरी दोन्हींमध्ये विजेच्या दाबाचा फरक राहत नाही. तार जमिनीत पुरायची असते, त्यामुळे हे काम पुलाबरोबरच होतं. नंतर करू म्हटलं की अंगण पुन्हा उकरावं लागतं.

जमीन तयार झाली की उभारणीला तुझ्या नवऱ्याचा शनिवार खरंच पुरेल. वारा नसलेला दिवस निवडा. पत्र्याची ती लांब गुंडाळी वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि धरणाऱ्याला घेऊन जाते. प्रत्येक उभ्या खांबाखाली काँक्रीटचा सपाट ठोकळा, जमिनीत बसवलेला, आणि सगळे ठोकळे नळीने एका पातळीत. भिंतीच्या आतून कडेने वाळूचा सहा-आठ इंचांचा उतरता काठ थापायचा, नाहीतर पाण्याच्या दाबाने लायनर भिंतीखालून बाहेर सरकायला बघतो. लायनर उन्हात पसरून मऊ करून घ्यायचा. सुरकुत्या पहिल्या दोन इंच पाण्यातच निघतात, नंतर जन्माच्या राहतात. भरायला बागेचा पाइप एक दिवस-रात्र तरी घेतो. तेवढ्यात झोपायला जाऊ नका. स्किमरचं, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाचं, भोक पाणी त्याच्या जवळ येईपर्यंत कापायचं नसतं, आणि पहाटे चारला ‘आलं का, आलं का’ करत बसणं हाच त्यातला सोहळा आहे.

आता पाणी हिरवं का झालं ते. तुमच्या छोट्या पुलाला फिल्टर नावालाच असणार आणि क्लोरीनची गोळी तरंगत्या डबीत टाकून तुम्ही निर्धास्त झाला असणार. मोठ्या पुलातही लोक हेच करतात आणि ऑगस्टमध्ये दुकानात रांग लावतात.

ही गोळी ट्रायक्लोरची असते. तिच्यात क्लोरीनबरोबर सायन्युरिक अॅसिड येतं. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, म्हणून थोडं हवंच. ते नसलं तर भर उन्हात क्लोरीन काही तासांत उडून जातं. पण क्लोरीन रोज खर्च होतं आणि हे अॅसिड साचत राहतं. ट्रायक्लोरने पाण्यात १० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत दहा) क्लोरीन वाढवलं की सोबत ६ पीपीएम सायन्युरिक अॅसिड येतं. रोज ३ पीपीएम क्लोरीन लागतं असं धर. ऑगस्टअखेरपर्यंत ते अॅसिड शंभराच्या पार जातं. मीठ जास्त झालेल्या आमटीसारखं आहे हे, काढून घेता येत नाही, पाणीच वाढवावं लागतं. आणि ते जितकं जास्त, तितका क्लोरीनचा हात बांधलेला. तपासणीत ३ पीपीएम क्लोरीन दिसतं आणि तरी भिंतीवर शेवाळ धरतं. मग दुकानदार शेवाळमारक देतो, पाणी नितळवणारं देतो, फॉस्फेट काढणारं देतो, आणि तू मुकाट्याने घेतेस.

मी काय करते ते सांगते. हंगामाच्या सुरुवातीला सायन्युरिक अॅसिड एकदाच मोजून ३० ते ५० पीपीएमवर आणते. आमच्या पुलात ते ४० असतं. त्यानंतर गोळ्या फक्त घर बंद करून चार दिवस बाहेर जायचं असेल तेव्हा. एरवी द्रवरूप क्लोरीन, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. कपड्यांचं साधं ब्लीच हेच रसायन, फक्त जरा सौम्य. सुगंधी आणि दाट केलेलं ब्लीच मात्र नको. १० टक्क्यांचा एक गॅलन तुझ्या १३,५०० गॅलन पाण्यात साधारण साडेसात पीपीएम वाढवतो. जुलैच्या उन्हात रोज दोन ते चार पीपीएम जातं, म्हणजे दिवसाला पाव ते अर्धा गॅलन. सायन्युरिक ४० असताना क्लोरीन तीनच्या खाली जाऊ द्यायचं नाही, पाचच्या आसपास ठेवायचं. सगळ्या हंगामाचा साठा जूनमध्येच करू नकोस, गरम गॅरेजमध्ये त्याची ताकद जाते.

मोजायला पट्ट्या नकोत. रंग जुळवताना आपण जो हवा तोच बघतो. थेंब मोजायची किट घे, गुलाबी रंग जाईपर्यंत थेंब मोजायचे आणि गणित करायचं. महाग वाटेल, पण दुकानातल्या तीन बाटल्या वाचल्या की पैसे वसूल. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेव. नव्या पाण्यात तो हळूहळू वर जातो, मग थोडं म्युरिअॅटिक अॅसिड, पंप चालू ठेवून. क्षारता आठवड्यातून एकदा बघितली तरी चालते.

माझी वेळ दिवेलागणीची. तुळशीपुढे दिवा लावला की मागच्या दाराने अंगणात. सूर्य गेलेला असतो, त्यामुळे टाकलेलं क्लोरीन रात्रभर काम करतं. किट, ओतणं, स्किमरची टोपली झटकणं, मिळून दहा मिनिटं. शनिवारी ब्रश आणि तळ साफ करायला अर्धा-पाऊण तास. पंप दिवसाला सातेक तास. वाळूच्या फिल्टरचा दाब स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा ८-१० पीएसआय वर गेला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुणं, त्याआधी नाही. थोडी मळलेली वाळू जास्त बारीक गाळते. झेपेल का, हा तुझा प्रश्न. झेपेल. पण आठवडाभराचं एकदम रविवारी करू असं म्हणशील तर नाही झेपणार.

हिरवं झालंच तर घाबरू नकोस. सायन्युरिक ४० असताना क्लोरीन १६ पीपीएमपर्यंत चढवायचं आणि तिथेच धरून ठेवायचं, दिवसातून दोन-तीनदा मोजून, पुन्हा भर घालून, रोज ब्रश मारून. पाणी नितळ दिसलं, आणि रात्री मोजलेलं क्लोरीन सकाळी एका पीपीएमपेक्षा जास्त उतरलेलं नसलं, की संपलं. एकदा बादलीभर ओतून झोपी जाणं, यालाच लोक शॉक देणं म्हणतात, आणि म्हणूनच त्यांचं पाणी दर पंधरवड्याला हिरवं होतं.

सासूबाई तुरटी फिरवायला सांगतील. त्यांचं चूक नाही, तुरटीने गाळ खरंच तळाला बसतो, आणि इथले लोकही तेच पॅकेटमधून विकत घेतात. पण बसलेला गाळ फिल्टरमधून न नेता व्हॅक्यूमने थेट बाहेर काढावा लागतो, आणि तुरटीने पीएचही उतरतो. शेवाळ मरत नाही ते नाहीच. रांजणात फिरवायची ती रांजणातच बरी.

डोक्याला खोबरेल चोपडून पाण्यात उतरायचं नाही, हे सासऱ्यांना प्रेमाने सांग. लायनरच्या काठाला तेलकट कडा धरतो आणि फिल्टरची वाळू चिकटते. आधी साबणाने आंघोळ. पुलाला ‘क्लोरीनचा वास’ येतो ना, तो क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो. घाम आणि पोरांची लघवी यांच्याशी क्लोरीनची गाठ पडून जे तयार होतं, त्याचा तो वास.

आणि एक सक्त ताकीद. ट्रायक्लोरची गोळी आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर एका डबीत, एका चमच्याने, एका कपाटात एकत्र येता कामा नये. आग लागते, स्फोट होतो. अॅसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू होतो. रसायन पाण्यात टाकायचं, रसायनावर पाणी ओतायचं नाही. सगळं कुलपात.

कुलूप म्हटलं की शिडी आलीच.

अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बुडणं हे आहे. आजार नाही, मोटार अपघातही नाही. तुझा मुलगा तीन वर्षांचा आहे, म्हणून हे गोड शब्दांत सांगत नाही. सिनेमातल्यासारखं ओरडणं, हात मारणं काही नसतं. आवाज न होता होतं, आणि घरात माणसं असताना होतं.

जुलै २०२५ मध्ये इथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने जमिनीवरचे सुमारे ५० लाख पूल परत मागवण्याची घोषणा केली. ४८ इंच किंवा त्याहून उंच पूल होते, तीन मोठ्या कंपन्यांचे. त्यांच्या खांबांवरून बाहेरच्या बाजूने एक आडवा पट्टा जात होता, आधारासाठी. लहान मुलांनी त्यावर पाय ठेवला आणि वर चढली. २००७ ते २०२२ या काळात नऊ मुलं गेली, २२ महिने ते तीन वर्षं वयाची. अशा पुलाची शिडी काढून ठेवली तरी उपयोग नाही, कारण पट्टा हीच शिडी होते. म्हणून पूल घेताना बाहेरून हात फिरवून बघ. पाय टेकेल असं काही लागतं का? जुना, ओळखीतला, स्वस्तात मिळणारा पूल असेल तर दुप्पट बघ.

आता गुडघ्यांसाठी काय. पुलाबरोबर जी ए-आकाराची शिडी येते ती सासूबाईंना चढवणार नाही. पायऱ्या अरुंद, उभ्या आणि हलत्या. तू दोन वेगळे भाग घे. आतल्या बाजूला रुंद पायऱ्यांचा, वजन घालून तळाशी बसवलेला, दोन्हीकडे कठडे असलेला जिना. तो कायम पाण्यात राहील. बाजू बंद असलेला घे, म्हणजे पोहणारं मूल त्याच्या मागे अडकणार नाही, आणि त्यातून पाणी खेळतं राहील असा घे, नाहीतर शेवाळाचं माहेर तिथेच. बाहेरच्या बाजूला छोटा लाकडी डेक, त्याला कठडा, आणि डेकच्या पायऱ्यांना फाटक. हे फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं, आपोआप बंद होणारं, आपोआप कडी लागणारं आणि कडी मुलाच्या हाताच्या वर. सासूबाई पाण्यात असल्या तरी फाटक बंदच. डेकचा खर्च परवडत नसेल तर बाहेरची शिडी वर उचलून कुलूप लावता येते अशी घे, पण मग त्यांना चढताना रोज कुणीतरी धरायला लागेल. पैसे कुठे घालायचे असा प्रश्न आला तर दिवे, कारंजं, हीटर बाजूला ठेव आणि डेक कर.

फाटक पुरेसं नाही. पूल वापरात असताना एका वेळी एकच मोठं माणूस पहाऱ्यावर, आणि ते कोण हे सगळ्यांना माहीत. आमच्याकडे गळ्यात अडकवायची शिट्टी आहे. शिट्टी ज्याच्या गळ्यात त्याच्या हातात फोन नाही, कणसं भाजणं नाही, पत्ते नाहीत. पंधरा मिनिटांनी शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात, तोंडाने सांगून. पंधरा माणसांच्या पार्टीत सगळ्यांना वाटत असतं की कुणीतरी बघतंय. सासू-सासऱ्यांना पोहता येत नाही, म्हणून शिट्टी त्यांच्याकडे एकट्याने द्यायची नाही. पण ते दिवसभर घरी असणार, तेव्हा त्यांना दोन गोष्टी शिकव. मूल दिसेनासं झालं तर आधी पूल बघायचा, मग कपाटं आणि शेजार. आणि ९११ ला फोन करून पत्ता सांगायचा. आमच्या फ्रिजवर पत्ता मराठीत मोठ्या अक्षरांत चिकटवलेला असायचा, सासरे रोज येता-जाता म्हणायचे, पाठ झाला होता. तू आणि नवरा दोघांनी सीपीआरचा, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याचा, वर्ग करा. मुलगी सातची आहे, तिला या वर्षीच पोहायला घाला, मुलालाही. दंडाला बांधायच्या फुग्यांवर विसंबू नका. आणि चार फूट पाण्यात सूर मारायचा नाही, हे तुझ्या नवऱ्याच्या मित्रांना आधी सांग.

पाण्यावर घालायची फुगे-फुगे असलेली निळी चादर घेणार असशील, घेच, पाणी लवकर तापतं. मेमध्ये इथलं पाणी गुडघ्यांना मानवणारं नसतं, जूनच्या मध्यापर्यंत थांबावं लागेल. पण कुणी पाण्यात असताना चादर पूर्ण काढलेली हवी. अर्धी गुंडाळलेली चादर सर्वांत वाईट, मूल तिच्याखाली गेलं तर वरून दिसत नाही.

हिवाळ्याचं वेगळं पत्र पाठव ऑक्टोबरमध्ये. आत्ता एवढंच, पूल कधीही पूर्ण रिकामा करायचा नाही. पाण्याच्या वजनाने भिंत उभी असते. पातळी स्किमरच्या खाली आणायची, पंप आणि नळ्या रिकाम्या करून आत घ्यायच्या, बर्फाला जागा द्यायला मधोमध हवेची उशी आणि वर आच्छादन. पुढच्या वर्षी एप्रिलअखेरीस उघड. मे संपायची वाट बघशील तर आच्छादनाखालून बेडकांचा तलाव निघेल.

राहिली साडी. नको. भिजलेली साडी पायांत गुंडाळते, जड होते, आणि पोहता न येणारं माणूस चार फूट पाण्यातही तोल गेला की उठू शकत नाही. सुती कापडाचे तंतू फिल्टरमध्ये जातात, रंग जातो तो वेगळाच, आणि स्किमरच्या तोंडाशी सैल पदर नकोच. हाच नियम सासऱ्यांच्या पंच्याला. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंत येणारा, पोहण्याच्या कापडाचा पोशाख इथे सहज मिळतो. सोबत तळवे न घसरणारे पाण्यातले बूट घे, ओला लायनर गुळगुळीत असतो. माझ्या सासूबाईंनी तो पोशाख पाहून आठवडाभर नाक मुरडलं होतं. मग एका दुपारी, घरात कुणी पुरुष नाही असं बघून, हळूच माप सांगितलं. रंग तेवढा त्यांचा त्यांना निवडू दे.